सूर्यातील प्रवाह आणि चुंबकक्षेत्र : प्रस्तावना

सूर्य हा वायूचा गोळा आहे, पण हा वायू हवेसारखा नव्हे. आतल्या प्रचंड उष्णतेने अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात आणि त्यामुळे सगळा पदार्थ वीजवाहक बनतो. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. वीजवाहक पदार्थ चुंबकक्षेत्रातून सरकू लागला की त्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. त्या विद्युत्प्रवाहाचे स्वतःचे चुंबकक्षेत्र मूळ क्षेत्रात मिसळते आणि बदललेले क्षेत्र उलट त्या पदार्थालाच ढकलते, वळवते किंवा रोखते. गती क्षेत्राला घडवते आणि क्षेत्र गतीला. सूर्यावरचे डाग, अकरा वर्षांचे चक्र, सौरज्वाला, खग्रास ग्रहणात दिसणारे किरीट, पृथ्वीपर्यंत येणारा सौर वारा या सगळ्यांचा उगम या एका देवाणघेवाणीत आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ हान्स आल्फवेन यांनी 1942 मध्ये या विषयाचा पाया घातला आणि 1970 मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मराठीत या शास्त्राला चुंबकीय द्रवगतिकी म्हणता येईल.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजे एनसीआरएने, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी 14 मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत. उरलेल्या 16 तीन दिशांना निघालेल्या बाहूंवर, आसपासच्या गावांच्या शिवारांत विखुरल्या आहेत आणि टोकाच्या दोन तबकड्यांतले अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. जीएमआरटी या नावाने ती जगभर ओळखली जाते. दूरच्या दीर्घिका आणि स्पंदक ताऱ्यांसाठी तिची ख्याती आहे, पण सूर्याच्या किरीटातली चुंबकीय खळबळही तिने टिपली आहे.

या विषयात शिरताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा : या ठिकाणी कोण कोणाला ओढत आहे? प्लाझ्मा चुंबकक्षेत्राला, की चुंबकक्षेत्र प्लाझ्माला? सूर्याच्या गाभ्यापासून अवकाशापर्यंत जाताना या प्रश्नाचे उत्तर एकापेक्षा अधिक वेळा उलटते. सूर्यावरच्या घटना एकमेकींपासून इतक्या भिन्न का दिसतात, याचा उलगडा त्या उलटण्यात होतो.

आधी मूळ नियम. प्लाझ्मा जितका मोठा आणि जितका चांगला वीजवाहक, तितके चुंबकक्षेत्र त्यात पक्के अडकून राहते. तांब्याच्या तुकड्यातले क्षेत्र विद्युतरोधामुळे क्षणार्धात विरते. सूर्याएवढ्या गोळ्यातले क्षेत्र केवळ रोधामुळे विरायला अब्जावधी वर्षे लागतील. याचा अर्थ असा की बलरेषा प्लाझ्माला जणू गोठून चिकटलेल्या असतात. प्लाझ्मा ताणला तर त्या ताणल्या जातात, पिळला तर पिळल्या जातात. आल्फवेन यांचा हा निष्कर्ष सौरभौतिकीत पदोपदी कामी येतो. क्षेत्रालाही स्वतःचे बळ असते. बलरेषांना लांबीच्या दिशेने ताण असतो आणि आडव्या दिशेने दाब असतो. वायूचा दाब मोठा की चुंबकीय दाब मोठा, यावर त्या जागी कोणाचे चालणार हे ठरते.

सूर्याची त्रिज्या सुमारे 6 लाख 96 हजार किलोमीटर आहे. गाभ्यातले तापमान दीड कोटी अंशांच्या घरात आहे. तिथली ऊर्जा त्रिज्येच्या सुमारे 70 टक्के अंतरापर्यंत प्रारणाने बाहेर येते. त्यापुढच्या सुमारे दोन लाख किलोमीटर जाडीच्या थरात ती अभिसरणाने वाहून नेली जाते, म्हणजे तापलेला प्लाझ्मा वर येतो आणि निवलेला खाली बुडतो. जुन्नर भागातल्या गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना हेच दिसते : मधून उसळणारा रस मळीला कडेला लोटतो. सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे हजार किलोमीटर रुंदीचे, कण म्हटले जाणारे लाखो पुंजके असे उसळत असतात आणि प्रत्येकाचे आयुष्य आठ-दहा मिनिटांचे असते. त्यांच्याहून मोठ्या, सुमारे 30 हजार किलोमीटर रुंदीच्या महाकणांचे प्रवाह दिवसभर टिकतात. हे प्रवाह चुंबकक्षेत्राला कडांकडे लोटतात आणि म्हणून शांत सूर्यावरही क्षेत्राचे एक जाळे विणलेले दिसते. इथे ओढणारा प्लाझ्मा आहे आणि क्षेत्र त्याच्यामागे फरफटत जाते.

या थरातली दुसरी मोठी गती म्हणजे सूर्याचे स्वतःभोवती फिरणे. सूर्य घन नसल्यामुळे तो सर्वत्र सारख्या वेगाने फिरत नाही. विषुववृत्तावर एक फेरी सुमारे 25 दिवसांत होते, तर ध्रुवांजवळ ती सुमारे 35 दिवस घेते. सूर्याच्या पृष्ठभागावरच्या कंपनांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी आतल्या वेगांचेही मापन केले आहे. वेगांतला हा फरक अभिसरणाच्या थराच्या तळापर्यंत टिकतो आणि तिथे एका पातळ पट्ट्यात वेग झपाट्याने बदलतो, असे त्यातून कळले. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या बलरेषा अशा गतीत सापडल्या की विषुववृत्ताजवळचा भाग पुढे जातो, ध्रुवाकडचा मागे राहतो आणि रेषा पूर्व-पश्चिम दिशेत ताणल्या जातात. ताणताना क्षेत्र तीव्र होते. प्रवाहाची ऊर्जा अशा रीतीने चुंबकीय ऊर्जेत रूपांतरित होते, म्हणून या यंत्रणेला सौर डायनॅमो म्हणतात.

पण केवळ ताणून चक्र पुरे होत नाही. पूर्व-पश्चिम क्षेत्रातून पुन्हा उत्तर-दक्षिण क्षेत्र निर्माण व्हावे लागते. ब्रिटनच्या थॉमस काउलिंग यांनी 1930 च्या दशकात सिद्ध केले, की अक्षाभोवती पूर्ण सममित असलेले क्षेत्र कोणताही प्रवाह टिकवून धरू शकत नाही. डायनॅमो चालायचा तर कुठेतरी सममिती मोडली पाहिजे. 1955 मध्ये अमेरिकेच्या युजीन पार्कर यांनी ती मोडण्याचा मार्ग दाखवला. बलरेषांच्या जुडग्यात चुंबकीय दाब असल्याने आतला वायू बाहेरच्यापेक्षा विरळ असला तरी दाबांचा समतोल राहतो. विरळ म्हणजे हलका, म्हणून ते जुडगे वर तरंगते. वर येताना सूर्याच्या फिरण्यामुळे त्याला पीळ बसतो आणि त्या पिळातून उत्तर-दक्षिण घटक पुन्हा उभा राहतो.

वर आलेले जुडगे कमानीसारखे पृष्ठभाग फोडून बाहेर पडते आणि त्याचे दोन पाय जिथे रोवलेले असतात तिथे डागांची जोडी दिसते. 1908 मध्ये जॉर्ज एलरी हेल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत डागांच्या प्रकाशातल्या वर्णरेषा दुभंगलेल्या पाहिल्या आणि तिथे हजारो गॉसचे चुंबकक्षेत्र असल्याचे दाखवून दिले. पृथ्वीच्या बाहेर सापडलेले हे पहिले चुंबकक्षेत्र. मोठ्या डागात ते सुमारे 3,000 गॉस असते, तर पुण्याच्या परिसरात पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसपेक्षाही कमी आहे. दीप्तिगोलातल्या, म्हणजे सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरच्या, वायूचा दाब आणि साधारण 1,500 गॉस क्षेत्राचा दाब जवळपास सारखे भरतात. डागात म्हणूनच पारडे फिरते. तिथे क्षेत्र प्लाझ्माला उसळू देत नाही, खालची उष्णता वर यायला अडते आणि भोवतालच्या सुमारे 5,800 अंशांच्या तुलनेत डागाचा मध्य 4,000 अंशांच्या आसपास राहतो. तो काळा दिसतो तो या थंडाव्यामुळे.

डागांतल्या प्रवाहांच्या शोधाचा धागा महाराष्ट्रातून जातो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी 1880 च्या दशकात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू केली. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून सोलापूरकडे गेला, तेव्हा नेगमवाला यांनी जेऊर येथे मुक्काम ठोकून किरीटाचा अभ्यास केला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तळही जेऊरलाच होता आणि इंग्लंडचे नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला उतरले होते. त्याच ग्रहणासाठी जॉन एव्हरशेड भारतात आले. पुढे ते कोडाईकनाल वेधशाळेत रुजू झाले आणि जानेवारी 1909 मध्ये त्यांनी डागाच्या कडेच्या फिकट झालरीत वायू आडवा बाहेरच्या दिशेने वाहत असल्याचे शोधून काढले. झालरीतल्या बलरेषा आडव्या झुकलेल्या असतात आणि अभिसरणाला पुरते दाबून टाकणे त्यांना जमत नाही. उसळी मग त्या रेषांच्या दिशेने वळते. एव्हरशेड परिणाम या नावाने ओळखली जाणारी ही घटना प्लाझ्मा आणि क्षेत्र यांच्या तडजोडीचा सगळ्यात स्पष्ट दाखला आहे. नेगमवाला निवृत्त झाल्यावर 1912 मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात सौरसंशोधनाची जी परंपरा रुजू लागली होती ती तिथे खंडित झाली, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढते-घटते. असे चक्र असल्याचे हाइनरिख श्वाबे यांनी 1843 मध्ये नोंदवले होते. हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे आढळले, की जोडीतल्या पुढच्या डागाचा ध्रुव उत्तर गोलार्धात एक असेल तर दक्षिण गोलार्धात त्याच्या उलट असतो आणि पुढच्या चक्रात सगळे उलटते. खरे चुंबकीय चक्र म्हणून 22 वर्षांचे आहे. जोडी विषुववृत्ताशी थोडी तिरपी असते आणि मागचा डाग ध्रुवाच्या बाजूला असतो. डाग विरले की मागच्या डागाचे क्षेत्र खळबळीमुळे पसरते आणि विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे वाहणाऱ्या संथ प्रवाहाबरोबर ध्रुवापाशी पोचते. या प्रवाहाचा वेग सेकंदाला केवळ 10 ते 20 मीटर आहे. तिथे ते जुने क्षेत्र पुसून उलट क्षेत्र उभे करते आणि त्यातूनच पुढच्या चक्राचे बी पडते. हॉरेस बॅबकॉक आणि रॉबर्ट लेटन यांनी 1960 च्या दशकात ही कल्पना मांडली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अर्णब राय चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संथ प्रवाहाला मध्यवर्ती स्थान देऊन तिला गणिती रूप दिले आणि 2007 मध्ये भाकीत केले की 24 वे चक्र दुबळे असेल. 2014 मध्ये ते शिखरावर आले तेव्हा ते सुमारे शंभर वर्षांतले सगळ्यात दुबळे चक्र ठरले. भाकीत खरे ठरले म्हणून सिद्धान्त पूर्ण झाला असे मात्र नाही. क्षेत्र मुख्यतः अभिसरणाच्या थराच्या तळाशी तीव्र होते, त्या सबंध थरात, की पृष्ठभागाजवळ, यावर अजून एकमत झालेले नाही.

दीप्तिगोलाच्या वर गेले की पारडे पूर्ण फिरते. किरीटातला प्लाझ्मा दीप्तिगोलापेक्षा दहा कोटी पटींनी, किंबहुना त्याहूनही विरळ असतो. वायूचा दाब नगण्य होतो आणि चुंबकक्षेत्र मालक बनते. प्लाझ्मा बलरेषांवर मणी ओवल्यासारखा त्यांच्याच वाटेने सरकतो. किरीटातल्या कमानी, ग्रहणात दिसणारे तुरे आणि पिसारे म्हणजे बलरेषांचे प्लाझ्माने भरलेले आकार होत. पण या रेषांचे पाय खाली दीप्तिगोलात रोवलेले आहेत आणि तिथे कणांची उसळी त्यांना अखंड हलवत, गुंफत असते. वरचा मालक खालच्या खळबळीला असा बांधलेला आहे.

गुंफताना विरुद्ध दिशांच्या रेषा एकमेकींना खेटतात. मधल्या अतिशय पातळ पापुद्र्यात विद्युत्प्रवाह इतका तीव्र होतो की रेषा प्लाझ्माला गोठून चिकटलेल्या राहण्याचा नियम तिथे मोडतो. रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली चुंबकीय ऊर्जा उष्णता व गतीच्या रूपाने बाहेर पडते. याला पुनर्जोडणी म्हणतात. मोठ्या प्रमाणावर ती झाली की सौरज्वाला भडकते. कधी पिळलेल्या क्षेत्राचा अख्खा गुंडाळाच अब्जावधी टन प्लाझ्मासकट सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने अवकाशात फेकला जातो. दीप्तिगोल 5,800 अंशांचा असताना त्याच्यावरचे किरीट दहा लाख अंशांहून तप्त कसे, या जुन्या कोड्याची दोन उत्तरे पुढे आहेत. क्षेत्रातून वर जाणाऱ्या लाटा ऊर्जा नेतात, हे एक. अगणित बारीक पुनर्जोडण्या किरीट तापवतात, हे दुसरे, आणि ते पार्कर यांनी 1988 मध्ये आग्रहाने मांडले. दोन्हींचा वाटा असणे शक्य आहे.

खोडदच्या दुर्बिणीचे महत्त्व इथे कळते. प्लाझ्मातून रेडिओ लहर बाहेर पडू शकेल की नाही, हे तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरते. घन थरातून केवळ जास्त वारंवारतेची लहर सुटते आणि विरळ थरातून कमी वारंवारतेचीही सुटते. वारंवारता बदलली की किरीटातली वेगवेगळी उंची पाहता येते. घन सेंटिमीटरमागे दहा कोटी इलेक्ट्रॉन असलेल्या थराची मर्यादा 90 मेगाहर्ट्‌झच्या आसपास येते आणि घनता दसपट झाली की ती तिपटीहून थोडी वाढते. अद्ययावत केलेली जीएमआरटी साधारण 120 ते 1,450 मेगाहर्ट्‌झ या टप्प्यात काम करते, म्हणजे खालच्या किरीटाचा पट्टा तिच्या आवाक्यात येतो. शिवाय चुंबकक्षेत्र उजव्या आणि डाव्या फिरकीच्या लहरींना वेगळी वागणूक देते. त्यांतल्या फरकावरून क्षेत्राची दिशा आणि तीव्रता यांचा अंदाज बांधता येतो.

सूर्य पाहणे या दुर्बिणीला सोपे मात्र नाही. तिची रचना अतिमंद संकेतांसाठी झालेली आहे, त्यामुळे सूर्याचा जोरकस संकेत मुद्दाम क्षीण करून घ्यावा लागतो. दीर्घिकेचे चित्र तासन्‌तास निरीक्षण करून पूर्ण करता येते. सूर्य क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून त्याचे चित्र काही सेकंदांत घ्यावे लागते आणि तेवढ्या वेळात 30 तबकड्यांची माहिती अपुरी पडते. यावर भारतीय आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी चांगला तोडगा काढला. फ्रान्समधली नान्से येथील सौर रेडिओ दुर्बीण मोठ्या आकृती नीट पकडते आणि खोडदची बारकावे टिपते. दोन्हींची एकाच वेळची मोजमापे जोडून 27 ऑगस्ट 2002 रोजी 327 मेगाहर्ट्‌झवर चाललेल्या एका गुंतागुंतीच्या रेडिओ वादळाची चित्रे तयार झाली. त्यांत सबंध सूर्यबिंबापासून 49 विकलांपर्यंतचे तपशील एकत्र दिसले. अशी वादळे डागांच्या वरच्या किरीटात तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालतात आणि तिथे पुनर्जोडणी अखंड सुरू असल्याची ती खूण मानली जाते. एनसीआरएचेच दिव्य ओबेरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2020 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओ दुर्बिणीच्या मोजमापांत शांत सूर्यावर सर्वत्र होणारे अतिक्षीण, क्षणिक स्फुरण सापडले. पार्कर यांच्या बारीक पुनर्जोडण्यांकडे ते बोट दाखवते.

महाराष्ट्रात रेडिओ लहरींनी सूर्य पाहण्याची सुरुवात याआधीच झाली होती. गोविंद स्वरूप यांनी 1965 मध्ये कल्याणजवळ प्रत्येकी 1.8 मीटर व्यासाच्या 32 तबकड्या मांडून 610 मेगाहर्ट्‌झवर सूर्याची निरीक्षणे केली. या तबकड्या ऑस्ट्रेलियाने भेट दिल्या होत्या. खोडदचे मोठे काम कल्याणच्या त्या छोट्या प्रयोगाच्या अनुभवावर उभे आहे.

किरीटाबाहेर पारडे पुन्हा फिरते. तापलेले किरीट सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला न जुमानता सतत बाहेर वाहते, हे पार्कर यांनी 1958 मध्ये गणिताने दाखवले. या सौर वाऱ्याचा वेग चुंबकीय लाटांच्या वेगापेक्षा वाढला की प्लाझ्मा क्षेत्राच्या तावडीतून सुटतो आणि उलट क्षेत्रालाच ओढून नेतो. सूर्य फिरत असल्याने ओढलेल्या रेषा सर्पिलाकार होतात. पार्कर यांच्याच नावाच्या यानाने एप्रिल 2021 मध्ये प्लाझ्मा सुटतो ती सीमा ओलांडून आतल्या किरीटात प्रथम प्रवेश केला. भारताचे आदित्य-एल1 यान 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी आपल्या कक्षेत स्थिरावले. त्यावरची अतिनील किरणांतली सूर्यदुर्बीण, सूट, पुण्याच्या आयुका या संस्थेने तयार केली. दीप्तिगोल आणि त्याच्या वरचा वर्णगोल यांतली चुंबकीय घडामोड ती एकत्र दाखवते. नेगमवालांनंतर पुणे सौरसंशोधनात असे पुन्हा आघाडीवर आले.

फेकला गेलेला चुंबकीय गुंडाळा पृथ्वीवर आदळला आणि त्यातले क्षेत्र दक्षिणाभिमुख असले, तर पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची पुनर्जोडणी होते आणि चुंबकीय वादळ उठते. 2 सप्टेंबर 1859 च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद केली. त्या ऐतिहासिक वादळाच्या अभ्यासात ही नोंद आजही आधारभूत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ती मोजणी 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली आणि तिथे ती अजून चालू आहे. 10-11 मे 2024 चे वादळ सुमारे दोन दशकांतले सगळ्यात मोठे होते. लडाखमधल्या हानले येथून त्या रात्री तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला.

खोडदची जागा निवडतानाही पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा विचार झाला होता. चुंबकीय विषुववृत्तावरचे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, अस्वस्थ असते आणि त्यातून येणाऱ्या रेडिओ लहरी विस्कळीत होतात. जुन्नरचा परिसर त्यापासून पुरेसा उत्तरेला आहे, तरी दक्षिण आकाशाचा मोठा भाग इथून दिसतो. दुसरे कारण माणसांच्या हातात होते आणि अजूनही आहे : या खोऱ्यात कृत्रिम रेडिओ गोंगाट कमी होता. वाढत्या वस्तीबरोबर सदोष वीजवाहिन्या, ठिणग्या उडवणारी यंत्रे आणि विनापरवाना प्रक्षेपक यांची भर पडते आणि तबकड्यांना तो त्रास जाणवतो. वारूळवाडी, नारायणगाव, खोडद आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी ही रेडिओ शांतता गावाची मालमत्ता मानून जपावी. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदचे केंद्र सर्वांसाठी खुले होते आणि शाळाशाळांतली मुले आपले प्रयोग घेऊन तिथे येतात. वाचकांनी त्या दिवशी मुलांसह तिथे जावे आणि तिथल्या शास्त्रज्ञांना सूर्याबद्दल मोकळेपणाने विचारावे.